भर दुपारचे मेलेले

तुझ्या गालावरची जखम मीच सोलून काढली, गजू. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मैदा, गोंद, आपल्याच शेतातला कापूस, आणि वरून बिटाचा रस घातलेला गुळाचा पाक. सकाळी चिकटवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ काढायला लागला. पुरुष मंडळी आंघोळीची घाई करत होती. कोणीतरी म्हणालं, राहू दे व रेखा, पाण्यानं जाते ते. मी म्हटलं, हे जखमी तोंड घेऊन नाही जाणार तो. खोबरेल तेल लावून लावून सोडवली. खाली तुझा नेहमीचा गाल होता, दाढीचे खुंट वाढलेला. जखम नव्हतीच. उजव्या हाताच्या बोटांवर तेवढा एक काळसर डाग होता, आणि तो मी केलेला नव्हता.

भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि 'लय चांगला होता बिचारा' म्हणून उठतात. मला राग येतो. बिचारा तू कधीच नव्हतास. चांगला होतास की नाही तेही राहू दे. हट्टी होतास, आणि घरात काम निघालं की हमखास गायब व्हायचास. तुझ्याशी भांडायची मला सवय लागली होती आणि तू भांडण अर्ध्यात टाकून उठून गेलास. म्हणून लिहिते आहे. दुसरं काही सुचत नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू शाळेत होतास. माझ्या नवऱ्यापेक्षा, तुझ्या दादांपेक्षा, तूच मला आधी ओळखीचा झालास. चारचौघांत मी तुला भाऊजी म्हणायचे, घरात गजू. तू मात्र कायम 'वहिनी, तुमी'. केनवडच्या बाजाराच्या रस्त्याला मी पार्लर टाकलं तेव्हा सगळे म्हणाले, खेड्यात कोण येणार तोंड रंगवायला. तू म्हणालास, येतील. आणि काही वर्षांनी तूच गिऱ्हाईक घेऊन आलास.

"वहिनी, तुमी नवऱ्या गोऱ्या करता. मले काही मानसं पांढरी करून देता का?"

"काहून? नाटक हाय का?"

"पिक्चर काढतो. मुर्दे पाह्यजेत."

मला वाटलं, पोरगं चळलं. तू खुर्चीत बसलास, फोन पुढे धरलास आणि तुझ्या आवडीच्या सस्त्या पिक्चरपैकी पहिला मला दाखवलास. कुठल्या देशातला होता देव जाणे. हिंदीत डब केलेला, ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा. मेलेली माणसं कबरीतून उठून एका घराकडे चालत येतात, बाकी गोष्ट नाही. एका मुर्द्याच्या हातात घड्याळ होतं. एक जण गोळी लागून पडला आणि दुसऱ्याच मिनिटाला शर्ट बदलून मागच्या रांगेत चालायला लागला. मी पोट धरून हसले. तूही हसलास, पण तुझी नजर माझ्यावर होती. कारण थोड्या वेळानं मी हसायची थांबले. ती माणसं धावत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती येत होती. धावणाऱ्यापासून माणूस पळून तरी जातो. चालत येणाऱ्याची वाट पाहत बसावं लागतं.

"आलं ना भेव?" तू विचारलंस.

"छट्," मी म्हटलं. त्या संध्याकाळी मी पार्लरचं शटर उजेड असतानाच ओढलं.

पुण्यात कंपनीत होतास तेव्हा एका खोलीत तुम्ही गावोगावची पोरं राहायचात. कामावरून आलं की हेच पिक्चर. मी विचारलं, इतके पैसे घालून केलेले चांगले पिक्चर सोडून हा कचरा कशाला? तू म्हणालास, "महागाचा पिक्चर भेव दाखवते, वहिनी. सस्ता पिक्चर संगत करते. त्याच्यातले मुर्दे आपल्यासारखेच दिसतात. कोनाचा तरी भाऊ, कोनाचा तरी दुकानवाला. त्यायले बी जेवाले घरी जायचं असन." आणि एकदा, हसणं बाजूला ठेवून, "भुताले काही ना काही पाह्यजे रायते. नारळ फोडा, कोंबडं द्या, जाते. मुर्द्याले काहीच नाई पाह्यजे. तो फकत घरी येते."

हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि आपल्याकडे मोल द्यायला काही नव्हतंही. दिवे नव्हते, म्हणून तू भर दुपारी शूटिंग करायचास. इकडे भर दुपारची वेळ वाईटच मानतात. मोकळ्या रानात, विहिरीपाशी त्या वेळी पोरीबाळींना कोणी जाऊ देत नाही. नेमक्या त्याच उन्हात तू रिठदच्या वाटेवरच्या आपल्या शेतात मेलेली माणसं उभी करायचास. सावली पायाखाली गोळा झालेली, पाखरू बोलत नाही, आणि तुरीच्या ओळीतून माझ्या हातचे पांढरे चेहरे एकेक करून बाहेर यायचे. त्यांचे शर्ट मला माहीत होते, त्यांच्या बायकांच्या भुवया मी कोरल्या होत्या, तरी मी एक पाऊल मागे सरकायचे. रात्रीच्या अंधारात निदान काही दिसत नाही. तुझ्या पिक्चरमध्ये सगळं लख्ख दिसायचं.

आणि त्यांना तू अभिनय कधी शिकवला नाहीस. "दिवसभर सोयाबीन सोंगून घरी चालले ना, तसंच चाला," एवढंच सांगायचास. ते तसेच चालायचे. खांदे पडलेले, पाय ओढत, नजर कुठेच नाही. मी त्यांच्या चेहऱ्यांना राख लावायचे ती उगाच, असं मला पुढे पुढे वाटायला लागलं. गावानं या पिक्चरना 'मुर्द्यायचा पिक्चर' नाव दिलं, नावं ठेवली आणि सगळ्यांनी पाहिले. लग्नाच्या व्हिडिओत ज्यांना कोणी घेत नाही ती माणसं तुझ्याकडे पहिल्या रांगेत होती. एक गोष्ट मात्र तुला कधी जमली नाही. पाकावर माश्या यायच्या, आणि तू कॅमेऱ्यामागे असूनही हात हलवून हलवून फोन हलवायचास. माशी तुला सहनच व्हायची नाही. मेलेले बिचारे माश्या सोसून उभे आणि दिग्दर्शक नाचतो आहे, यावरून मी तुला किती छळलं.

मायला, म्हणजे तुझ्या आईला, हे सगळं पहिल्यापासून नापसंत. मीही तिला मायच म्हणते, आणि आमचं एरवी पटत नाही, पण या बाबतीत तिनं जे केलं त्याला मी कधी हसले नाही. तिनं अट घातली. मेल्याचं सोंग घेतलं की ते अंगावर राहू द्यायचं नाही. ज्याला मारलं त्याला हाक मारून परत आणायचं. म्हणून प्रत्येक शूटिंगला माय बांधावर ताटलीत गुळाचे खडे आणि तांब्याभर पाणी घेऊन बसायची. शॉट झाला की एकेका मुर्द्यासमोर उभी राहून त्याच्या नावानं हाक मारायची. त्यानं 'ओ' द्यायची, गूळ खायचा, पाणी प्यायचं, मग तो जिवंत. लोकांनाही ते आवडायला लागलं होतं. काही जण मुद्दाम ओ द्यायला उशीर करायचे आणि माय रागावायची, "थट्टा नको करू रे बापू, ओ दे."

आता आपल्या भांडणाकडे येते. ते दारावरून होतं, आणि ते पिक्चरचं कधीच नव्हतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

कोरोनात पुणं बंद झालं तेव्हा तू निघालास. थोडा ट्रकनं, बाकी पायी. त्या दिवसांत माणसं रस्त्यानं चालतच यायची. गावानं दोन्ही वाटांवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, आणि आपल्याच गावची माणसं काट्यांच्या पलीकडे उभी असायची. तू रानातून आडवा आलास. भर दुपारी अंगणात उभा राहिलास. तोंडाला रुमाल, पाय सुजलेले, डोळे असे की मी आधी ओळखलंच नाही. दादा घरी नव्हते. ईशू माझ्या कडेवर होती, अंगावर पिणारी. माय माझ्या मागे उभी होती आणि दाराची कडी माझ्या हातात होती.

"वहिनी, पाणी तं द्या," तू म्हणालास.

मी तांब्या ओट्यावर ठेवला, आत आले आणि दार लावलं. माय दाराशी आली. फळीला हात लावून उभी राहिली, तुझं पाणी पिऊन होईपर्यंत. मग गावातले आले आणि तुला शाळेत नेऊन ठेवलं. तू धडधाकट घरी आलास, कुणालाच काही झालं नाही, आणि या विषयावर घरात पुन्हा शब्द निघाला नाही. मी तेव्हा बरोबर होते. आजही मी तेच करीन, हे तुला मी तोंडावर सांगितलं असतं, तू एकदा विचारायला हवं होतंस. तू विचारलं नाहीस. तू पिक्चर काढलेस.

शेवटच्या पिक्चरमध्ये तू उघडच त्या दारापाशी आलास. शहरात मेलेला मुलगा चालत चालत घरी येतो. आत त्याची म्हातारी आई आहे आणि घरात लेकरं आहेत. आईचं काम मायच करणार होती आणि दार आपल्याच घराचं. शेवट काय करायचा यावर आपण किती दिवस घासाघीस केली.

"माय दार उघडन," तू म्हणायचास.

"नाई उघडणार. लेकरं हायत अंदर."

"लेकरं तं हायत. पन बाहीर कोन हाय?"

"बाहीर मुर्दा हाय."

"तिले तो मुर्दा दिसत नाई ना, वहिनी."

"मंग सारे मरतीन."

"मरू द्या ना. पिक्चर हाय." असं म्हणून तू हसायचास. शेवटी ठरलं, दोन्ही काढू, उघडतानाही आणि लावतानाही, आणि मग पाहू. मायला कोणीच विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मुलाचं काम करणारा आलाच नाही. त्याला सोंगणीची, म्हणजे कापणीची, मजुरी मिळाली होती. तू शर्ट काढून टाकलास आणि मातकट बनियनवर माझ्यासमोर बसलास. "मीच होतो मुर्दा." इतक्या जणांना मारलंस, स्वतः कधी मेला नव्हतास. माय म्हणाली, "तू नको होऊ रे." तू म्हणालास, "काहून, माह्या चेहरा चांगला नाई का?" मी तुझा चेहरा केला, आणि खोटं कशाला बोलू, तो माझा सगळ्यांत चांगला चेहरा झाला होता. तू विहिरीजवळून उठलास, तुरीतून चालत आलास, शॉट झाला. फोन माझ्या हातात होता. पडद्यावर तुला येताना पाहून मला अंगणातली ती दुपार आठवली. तू ती मुद्दाम आठवून चालत होतास, की तुझी चालच तशी होती, हे आता कोण सांगणार?

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, लाइन आली. हळदीला पाणी द्यायचं राहिलं होतं आणि आपल्याकडे शेताची लाइन, म्हणजे वीज, आली की माणूस मयतावरूनही उठून पळतो. तूही पळालास. माय ताटली घेऊन उभी होती, तिला म्हणालास, "आल्यावर मार हाक." आणि मला, "चेहरा पुसाचा नाई, वहिनी, अजून काम हाय."

आम्ही बांधावर डबे सोडले. पाणी काही आलं नाही म्हणून एक जण मोटरीकडे बघायला गेला आणि हसत परत आला. "गजू तिकडं एकटाच प्रॅक्टिस करून राह्यला." सगळे पाहायला गेले. तू स्टार्टरच्या पेटीपासून दूर, उताणा पडला होतास. एक हात छातीवर, एक मातीत. माणसं गोल करून उभी राहिली. कोणी फोन काढला. "काय भारी पडला बे." "पापनी बी हालू नाई देत." एकानं टाळी वाजवली. त्यांना दोष कसा देऊ? मेल्याचं सोंग पाहायचीच त्यांना सवय झाली होती, आणि मेलेला उठतो हेही त्यांनी किती वेळा पाहिलं होतं.

माय गर्दीतून पुढे आली. तिनं ताटली खाली ठेवली नाही.

"गजू."

लोक हसले. दिग्दर्शक आहे, उशीर करणारच.

"गजू, थट्टा नको करू. ओ दे रे बापू."

मी तिच्या मागे होते. माझी नजर तुझ्या गालावरच्या जखमेवर होती, उन्हानं पाक वितळून ती हलली तर नाही ना म्हणून. तेव्हा मला माशी दिसली. तुझ्या खालच्या ओठावर बसली होती, आरामात, पाय घासत. आणि तू तिला बसू दिलं होतंस.

मी किंचाळले असेन. नंतरचं मला धड आठवत नाही. रिसोडच्या डॉक्टरांनी सांगितलं की करंटनं धरलं त्याच क्षणी सगळं संपलं होतं, लवकर आणला असता तरी काही झालं नसतं. मला ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून संताप आला. मायनं मात्र डॉक्टरांचं ऐकलंच नाही. तिच्या लेखी गोष्ट सरळ होती. तिनं हाक मारली होती आणि तिला ओ मिळाली नव्हती.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बायका घरी होत्या, हे मला तुझ्या दादांनी नंतर सांगितलं. झाडावर बसला होता, पण खाली येईना. सगळी वचनं देऊन झाली. मायला सांभाळू, हळद नीट काढू, तुझी गाडी विकणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी दादा, ज्यांनी तुझा एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिला नाही आणि तुला रोज 'रिकामटेकडा' म्हटलं, ते हात जोडून म्हणाले, "तुह्या पिक्चर पुरा करतो, गजू." कावळा उतरला. सांगताना दादा रडले. मला त्यांच्याबरोबर रडता आलं नाही, कारण मी विचार करत होते की आता तो सीन काढावा लागणार.

माय रोज भर दुपारी दारात जाऊन उभी राहायला लागली. हाक मारायची, "गजू", मग थांबायची. जशी शॉटनंतर थांबायची तशीच, ओ येईपर्यंत. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं, तेरावं होईपर्यंत नाव घेऊन हाक मारू नये, जीव अडकतो, पुढं जात नाही. तेरावं झालं, तरी ती थांबली नाही. जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. रोडावली, तोंडाचा रंग राखेसारखा झाला. तो रंग मी डबीतून काढून कितीदा लावला आहे, म्हणून मला ते पाहवत नव्हतं. शेजारणी दुपारी आपल्या दारावरून जाईनाशा झाल्या. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तू मला त्यावरून चिडवायचास. पण दुपारी ती हाक ऐकली की माझं लक्ष रस्त्याकडे जायचं. खरं सांगते, मला भीती वाटायची. तुझी.

आणि मग एका दुपारी मायनं "गजू" म्हटलं आणि आतून ओ आली.

ईशू होती. खेळत होती, तिला काय कळतं, आजी बोलावते आहे आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून तिनं दिलं. पण माय वळली ती अशा चेहऱ्यानं की मी चपाती तव्यावर टाकून धावले. तिनं ईशूचे दोन्ही दंड धरले होते आणि तिच्या डोळ्यांत खोलवर पाहत होती. "अजून म्हन," ती सांगत होती. "अजून एकदा म्हन." पोरगी भेदरून गेली. मी तिला ओढून घेतलं. त्या रात्री दादांना म्हटलं, हे थांबलं पाहिजे, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. दादा ईशूचं पांघरूण सारखं करून मायच्या अंथरुणाकडे पाहत राहिले. एकीकडे माय, एकीकडे पोरगी.

सकाळी माय स्वतःच माझ्याजवळ आली. "रेखे, पोरगी भेली का व?"

"भेली."

ती पदर चाळवत बसली. मग म्हणाली, "माह्या सीन राह्यला ना? तो काढून टाक."

"कोन उभं रायन अंगनात? आता कोनी मुर्दा होनार नाई, माय."

"कोनी नको. तू फकत फोन धर."

मी तिला विचारलं की दार उघडायचं आहे की लावायचं. तूही तिला कधी विचारलं नव्हतंस, आणि मीही आता पहिल्यांदाच विचारत होते. ती म्हणाली, "तवाचं तवा पाहू."

आम्ही दोघी आत, ईशू माजघरात दादांजवळ. बारा वाजून गेले होते. मी भिंतीला टेकून फोन धरला. चौकटीत माय पाठमोरी, समोर बंद दार, दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर. तू ठोठावण्याचा आवाज नंतर घालणार होतास. आवाज नसताना ते दार जास्त वाईट दिसत होतं. मला माहीत होतं अंगणात कोणी नाही. मला हेही माहीत होतं की ते दार उघडलं तर मी आधी तुझ्या गालाकडे बघणार, जखम परत लागली आहे का म्हणून.

मायनं कडी काढली. मी मनात म्हटलं, घे, जिंकलास. दोन्ही फळ्या तिनं आत ओढल्या आणि सगळं ऊन एकदम खोलीत आलं, फोनवर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. त्या पांढऱ्यात ती उंबरा ओलांडून गेली. मी म्हणाले, "माय, कुठी चालली?" तिनं मागे पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या मागे, ईशू होती त्या दिशेनं. आणि दोन्ही फळ्या बाहेरून ओढून घेतल्या. बाहेरची कडी वाजली.

हे तुला सुचलं नव्हतं, गजू. मलाही नाही.

मी फोन तसाच धरून उभी राहिले. दाराबाहेरून तिचा आवाज आला, हाक मारायचा नव्हे, साधा, शेतातून दमून आलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"तवा नाई आली रे बापू मी. आता आली." थोडं थांबून, "अंदर नको येऊ. लेकरू भेते. मी हाय इथं तुह्यापाशी." मग ती ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "आता मी हाक नाई मारनार. तू जाय."

मी आतून फळीला हात लावला. ती तापलेली होती. मला रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मी तोंडावर पदर धरला, कारण रेकॉर्डिंग चालू होतं आणि तू आवाजावरून फार कटकट करायचास.

कडी निघाली तेव्हा ऊन कललं होतं. माय आत आली, पाय धुतले, आणि म्हणाली, "भूक लागली व रेखे." भाकरी आणि वरण वाढलं, ती खाऊन उठली आणि ईशूला जवळ घेऊन झोपली. त्यानंतर तिनं तुला हाक मारलेली नाही. आमच्या दुपारी आता गप्प असतात. त्याची सवय व्हायला मला वेळ लागेल.

फोनवर कापाकापी तूच मला शिकवली होतीस, ती मी काल केली. दादा शेजारी बसून पाहत होते. पुढचं सगळं माझ्याकडे आहे, कडी निघताना, माय आत येताना, दमलेली, केसांत धूळ. पण पिक्चरमध्ये ती आत येत नाही. बाहेरून कडी वाजते तिथंच मी तो संपवला. तिथं ती तुझ्यापाशीच आहे.